उजव्या हाताला मारुती

कॅनव्हासचा एक बूट. नाडी बांधलेलीच.

टेकडीवर शंख वाजतोय. थांबायचं नाव नाही.

रनर्स क्लबच्या ग्रुपवर निरोप : ‘ट्रेल मोकळा आहे. एक मुलगी पाय घसरून पडली. लाँग रन ठरल्याप्रमाणे.’

सागाच्या बुंध्यावर, गुडघ्याच्या खाली, सालीत रुतलेली ताजी रेघ. वाटेपलीकडच्या सागावरही तशीच.

‘‘पानी मांगतलं मी. देल्लं नाई.’’

हे सगळं एकाच शनिवारच्या सकाळचं. सब-इन्स्पेक्टर अस्मिता हेडाऊ दिवसभर ते जोडत बसली, आणि दिवसभर तिचं डोकं तापलेलं होतं.

धनश्री पराते हाडांच्या वॉर्डात होती. दोन्ही नडग्यांवर आडवा, सरळ काप. उजवी नडगी मोडलेली. पोलीस भरतीची मैदानी चाचणी सोमवारी, आणि वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती. आई जनाबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. रडत नव्हती.

‘‘घसरली म्हनते सगळे,’’ जनाबाई म्हणाली. ‘‘तुमीबी तेच लिहिसान का मॅडम?’’

‘‘घसरलेल्या मानसाच्या दोन्ही नडग्या एका रेषेत कापत नाई, काकू. तार होती.’’

पण वाटेवर तार नव्हती. झाडांवर फक्त रेघा.

नागपूरच्या कडेला असलेल्या त्या वन-उद्यानातली वाट टेकडीला वळसा घालून निघाली तिथेच परत येते. टेकडीवर मारुती आहे. त्यामुळे चालणारा असो की पळणारा, देव उजव्या हाताला ठेवूनच फिरतो. तशी पाटी नाही, नियम नाही. लहानपणापासून पायांना लागलेली सवय. एकटी धनश्री उलटी पळायची. भरतीच्या मैदानावर डावीकडे वळत पळावं लागतं, तिला ती वळणं पक्की करायची होती.

त्यावरून पुजारी ईश्वरदास तिच्याशी चारचौघांत भांडला होता. ठाण्यातल्या साहेबांना तेवढं पुरलं. ‘‘पुजाऱ्याले उचला अन् मोकळे व्हा.’’

अस्मिता टेकडी चढली.

‘‘पाय मोडन म्हनलं होतं तुमी तिले?’’

‘‘म्हनलं होतं,’’ ईश्वरदास म्हणाला. ‘‘देवाले उलटी फिरते तं मले राग येते. पन म्हनलं म्हनजे मोडला का वं बाई? माह्या नातीलेबी रोज म्हनतो. तिचे दोन्ही शाबूत हायेत.’’

‘‘सकाळी कुठं होते?’’

‘‘इथंच. शनवार होय ना. शंख फुकून राहिलो होतो. एवढे लोकं होते, विचारा त्याहिले.’’

तिने विचारलं. खरं होतं.

क्लबचा अध्यक्ष उन्मेष मुजुमदार फाटकापाशी भेटला. पाठीवर पळायची लहान बॅग.

‘‘मीच पहिला पोचलो, मॅडम. अँब्युलन्सही मीच बोलावली.’’

‘‘कोणत्या बाजूने आलात?’’

‘‘नेहमीच्या. मारुती उजवीकडे.’’

‘‘तार दिसली?’’

‘‘नव्हतीच. तो सरळ पट्टा आहे, लांबून सगळं दिसतं.’’

‘‘कोणी पळून जाताना?’’

‘‘चिटपाखरू नाही. पुजारी आडवाटेने सटकला असेल. आणि स्पष्ट सांगतो, उलटं पळणं धोक्याचंच. आमचे मेंबर दोनदा तिच्यावर आदळले. मी समजावलं होतं. पण या भरतीवाल्या पोरींना शिस्त म्हणून नाही.’’

याच वाटेवर पळून अस्मिता भरती झाली होती. ती वॉर्डात परत गेली.

‘‘पडली तवा शंख चालू होता?’’

‘‘हो,’’ धनश्री म्हणाली. ‘‘क्लबचे मुजुमदार सर आले तरी वाजूनच राहिला होता. सर म्हनले, डोळे मिट, मान हलवू नको. मंग माह्या मागं काहीतरी करून राहिले होते. मले वाटलं फोन लावून राहिले.’’

‘‘अन् पानी?’’

‘‘म्हनले, संपलं. पन त्याहिच्या बॅगीत बाटली हालून राहिली होती, मॅडम. मले आवाज येऊन राहिला होता.’’

रविवारी सकाळी क्लब फाटकापाशी जमला. अस्मिता हवालदार संजीवला घेऊन मधोमध उभी राहिली.

‘‘तार बांबूच्या वळणाला लागून बांधली होती. उलटीकडून येणाऱ्याला वळण संपताच पायात. मारुती उजवीकडे ठेवून येणाऱ्याला मात्र लांबूनच दिसणार. म्हणजे बांधणाऱ्याला तुम्हा सगळ्यांना सांभाळून एकाच माणसाला पाडायचं होतं. उलटी पळायची ती धनश्री. तिच्यावर राग दोघांचा. त्यातले ईश्वरदास सगळा वेळ वर, लोकांसमोर. आणि त्या पट्ट्यावर दुसरं चिटपाखरू नव्हतं, हे तुम्हीच सांगितलं, मुजुमदार. मग ती पडल्यावर आणि लोक जमायच्या आधी तार सोडली कोणी?’’

‘‘तर्क आहे हा.’’

‘‘तहानेनं तडफडणाऱ्या पोरीला पाणी काहून नाई देल्लं?’’

उन्मेषने पाठीवरची बॅग सरळ केली.

‘‘बाटली काढायची तर बॅग उघडावी लागली असती. आत तार होती. उतरवा ती.’’

त्याने पट्टा घट्ट धरला. संजीवने तो सोडवला. बॅग रिकामी होती, पण आतलं अस्तर गोल वळशात टरकलं होतं, आणि शिवणीत सागाच्या सालीचे तुकडे अडकले होते.

‘‘घाबरवायचं होतं फक्त,’’ उन्मेष हळूच म्हणाला. ‘‘किती वेळा सांगितलं होतं तिला.’’

क्लबातलं कोणी त्याच्याकडे पाहिना. दोघंतिघं बुटांच्या नाड्या बांधत बसले.

‘‘उद्या मैदानावर तिचं नाव पुकारतीन,’’ अस्मिता म्हणाली. ‘‘कोनी ओ देनार नाई. चला, बसा गाडीत.’’

मागच्या मार्चमध्ये त्याच वाटेवर क्लबने महिला दिनाची दौड ठेवली होती. धनश्री पहिली आली होती. पदक उन्मेष मुजुमदारनेच तिच्या गळ्यात घातलं होतं.