सर्वांत जवळचं झाड

मस्तगडमधल्या चाळीस घरांत विचारून झालं होतं. कॉलेजच्या भूगोल विभागाचा सर्व्हे होता आणि पलक नि प्रियदर्शनीकडे प्रश्न एकच: ज्याखाली बसता येईल असं सर्वांत जवळचं झाड घरापासून किती पावलांवर आहे? बहुतेकांनी नुसते हात हलवले होते. एका बाईंनी तर कुंडी चालेल का, असं विचारलं.

एप्रिलमधली दुपार. शेवटची गल्ली पुढे बंद होती. दोन्ही बाजूंना सिमेंटची घरं, मधे काँक्रीट. पहिल्याच घराच्या पायरीवर गोजरबाई नावाची म्हातारी डाळ निवडत बसली होती.

"झाड? हे काय, दारातच. चिंच हाय की," ती म्हणाली.

पलकने वळून पाहिलं. काँक्रीट उन्हाने पांढरं पडलं होतं. म्हातारीला नीट दिसत नसेल, असं समजून तिने उत्तराची जागा कोरी सोडली. पण समोरच्या बसंतीबाईंनीही दाराआडून तेच सांगितलं. "चिंच आहे ना बेटा, बराबर समोर." तेवढ्यात त्यांचा नातू नमन मोटारसायकलवर आला. गल्लीच्या मधोमध, जिथे काहीच नव्हतं, तिथे त्याने सवयीने वळसा घेतला आणि पुढे गेला.

प्रियदर्शनीने विभागाने दिलेला थर्मामीटर त्या जागी धरला. गल्लीच्या तोंडाशी एक्केचाळीस होतं. इथे तेहतीस.

"बघ, किती गार आहे," म्हणत ती खाली बसली. ती मंठ्याकडची, शेतातल्या घरात वाढलेली. शहरात येऊन दोन वर्षं पत्र्याच्या खोलीत राहत होती. डोळे मिटून ती सावकाश मागे रेलली.

तिच्या पाठीमागे काहीच नव्हतं.

"प्रिया, ऊठ. चल आपण."

"थोडं बसू दे गं. आमच्या बांधावर अशीच चिंच होती."

ऊन लागलं असेल, असं पलकने स्वतःला समजावलं आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानातून पाणी आणायला गेली. दुकानातून गल्लीचं तोंड समोरच दिसत होतं. कुणीही बाहेर आलं नाही.

परतली तेव्हा तिथे प्रियदर्शनीच्या चपला होत्या. जोडीने काढून ठेवलेल्या.

"आजी, माझी मैत्रीण कुठं गेली?"

"वर चढली ती," गोजरबाई डाळीवरची नजर न उचलता म्हणाली.

"वर कुठं?"

"म्हणलं, पोरी, जपून. ऐकलं न्हाई. मंग गेली पार शेंड्याला."

पलकने वर पाहिलं. निळं, रिकामं आभाळ.

तिने एकेक दार वाजवलं. प्रियदर्शनी कुठल्याच घरात नव्हती. शेवटी तिने प्रियदर्शनीला फोन लावला.

रिंग ऐकू आली. घरातून नाही, गच्चीवरूनही नाही. डोक्यावर, खूप उंच.

मग रिंग थांबली. फोन उचलला गेला होता.

"प्रिया?"

पलीकडून फक्त सळसळ येत होती, दाट पानांत वारा शिरावा तशी.

गल्लीत दोरीवरचं लुगडं हलतही नव्हतं.