सहा पूल, दोन सायकली

ओनोमिचीच्या धक्क्यावरून सुटलेली बोट पलीकडच्या बेटाला लागेपर्यंत माणसाचं धड टेकूनही होत नाही. पण तेवढ्या वेळात भांडण उकरून काढता येतं. चिहारूच्या वाट्याला त्या दिवशी सकाळी ते आलं.

“एक विचारू? ही सायकल तुमचीच आहे, की धाकट्या बहिणीची आणलीत?”

तिने वळून पाहिलं. उंच, उन्हाने रापलेला, तिशीला टेकलेला एक माणूस. हाताशी तिच्यासारखीच घडीची सायकल, पण चांगली ऐसपैस, मोठ्या चाकांची. चिहारूच्या सायकलीची चाकं त्यापुढे अगदीच चिमुकली दिसत होती, हे तिलाही मान्य करावं लागलं. मनातल्या मनात, अर्थात.

“माझीच आहे,” ती म्हणाली. “आणि तुमची घडी होते म्हणे. होते ना? की नुसतं म्हणायला?”

“होते की. जरा... मनधरणी करावी लागते.”

“माझी मनधरणी करून घेत नाही.” तिने खटका दाबला, बिजागर वळवलं, सीट खाली ढकलली. झाली घडी. त्याचं तोंड उघडं ते उघडंच. “ट्रेनमध्ये न्या, जिन्यावरून न्या, टेबलाखाली ठेवा. साकाईत मी रोज हिच्यावरूनच कामाला जाते.”

“रोजचं ठीक आहे हो, साकाईकर. पण आज कुठे?”

“इमाबारीला.”

“हिच्यावर? अख्खी बेटं ओलांडून?” तो खाली वाकून सायकल निरखायला लागला. आणि काय ते प्रश्न! चेन इतकी आखूड का, ब्रेक ओले झाले तर काय होतं, चढावर पाय भरून येतात का... लहान मुलासारखा विचारत सुटला. चिहारूला गंमत वाटली. इतक्या आस्थेने तिला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं, सायकलीबद्दलही नाही. मग तिनेही हातचं राखलं नाही. उतारावर ही जरा बावचळते, म्हणाली. खडबडीत रस्त्यावर तासाभरात हातांना मुंग्या येतात, म्हणाली.

“मीही इमाबारीचाच,” तो बोट लागता लागता म्हणाला. “घरीच निघालोय. असं करू या का... वाटेत सहा पूल आहेत. दर पुलाला सायकली बदलायच्या. म्हणजे कोणाची बरी, ते ठरेल.”

अनोळखी माणसाबरोबर दिवसभर? नको म्हणायला हवं होतं. पण त्याची सायकल कशी चालते हे तिला पाहायचंच होतं. आणि खरं सांगायचं तर, तो कसा चालतो तेही.

पहिल्या पुलाच्या चढावर तो तिच्या सायकलीवर बसला आणि चिहारूला हसून हसून थांबावंच लागलं. गुडघे हनुवटीला लागायचे तेवढे बाकी होते.

“हसा, हसा,” तो धापा टाकत म्हणाला. “पण सुटते मात्र चटकन. पॅडल मारलं की निघालीच.”

त्याची मोठी सायकल मात्र चढावर कुरकुर न करता चालत होती. पुलावर समुद्राचा वारा आडवा येत होता, तरी हँडल ढळलं नाही. चिहारूला ती फारच आवडली, आणि लगेच साकाईत सायकली बनवणाऱ्या काकांची आठवण होऊन अपराध्यासारखं वाटलं.

इन्नोशिमा बेटावर दोघं एका दुकानाच्या ओट्यावर बसले. तिथे आंबट संत्र्याची फोड पोटात भरलेले तांदळाचे मऊ लाडू मिळतात. तिने पहिला घास घेतला आणि त्याने विचारलं, “इमाबारीत काय काम काढलंत?”

“बंदराजवळ सायकली भाड्याने देणारं नवीन दुकान निघतंय. तिथे ही दाखवायची आहे. बिजागर मी बसवलंय हिचं, माझं स्वतःचं. काकांनी पहिल्यांदाच दादाला न पाठवता मला पाठवलंय. त्या माणसाने घेतल्या तर...” तिने वाक्य अर्धंच सोडलं.

त्याचं चावणं थांबलं. “त्या माणसाचं नाव?”

“मियावाकी. का हो?”

“मीच तो. सोइची मियावाकी.” त्याने मान खाली घातली. “ही मोठी दुसऱ्या कंपनीची आहे. ओनोमिचीहून पारखायला आणली.”

चिहारूने हातातला लाडू खाली ठेवला. “आणि मी तुम्हाला माझ्याच सायकलीच्या खोड्या सांगत बसले. बोटीवर बोलला असतात तर काय बिघडलं असतं?”

“घडी केलीत तेव्हा शंका आली होती. पण मग तुम्ही खोड्या सांगायला लागलात. विकणारं माणूस कधी खोड्या सांगतं का? म्हटलं, ही कोणी दुसरीच असणार.”

यावर हसू यायला हवं होतं. पण आता हसायचं कसं? आतापर्यंत ती त्याला हसली, तिने त्याला टोमणे मारले, ते सगळं तिचं होतं. यापुढे हसली तर ते धंद्याचं हसू ठरणार. उद्या त्याने ऑर्डर दिलीच, तर ती सायकलीला दिली की तिला, हे तिला कधीच कळणार नाही. ती उठली, लाडवाचं पीठ झटकलं आणि मुकाट्याने आपली सायकल घेऊन निघाली.

संत्र्याच्या बागा फुलल्या होत्या. बेटामागून बेट तो गोड, जड वास अंगाला चिकटून येत होता. दर पुलाला दोघं सायकली बदलत होते, पण बोलणं तेवढ्यापुरतंच. “गिअर हलका ठेवलाय.” “बरं.” “सीट खाली करू?” “करते मी.”

तातारा पुलाच्या उंच खांबाखाली तो थांबला. “इथे टाळी वाजवा.”

तिने वाजवली. आवाज खांबामधून थरथरत वर वर चढत गेला आणि पार आभाळात विरला. मान वर करून ती ऐकतच राहिली. कुठून जातो तो? मग तिने पुन्हा वाजवली. मग आणखी एकदा.

“आता हसाही,” सोइची म्हणाला. “त्या लाडवापासून तुम्ही हसला नाहीत.”

“हसले तर तुम्हाला वाटेल, ऑर्डरसाठी हसते.”

तो काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही. सायकलीवर बसला आणि पुढे निघाला. चिहारूला स्वतःचाच राग आला. एवढं तोंडावर बोलायची काय गरज होती?

ओशिमाच्या चढावर ती आपल्या चिमुकलीवर होती. पाय गरागरा फिरत होते, सायकल हलेना. शेवटी उतरून ढकलावी लागली. पलीकडच्या उतारावर हातांना अशा मुंग्या आल्या की ब्रेक धरवेना. तो पुढच्या वळणावर थांबला होता. मदतीला आला नाही, तिला आवडलं नसतं हे त्याला कळलं असावं. त्याच वळणावर चिहारूने मनाशी कबूल केलं, की तिची सायकल शहराची आहे. या वाटेची नाही.

उन्हं कलली तेव्हा दोघं इमाबारी स्टेशनात पोचले. तिची ट्रेन यायला थोडा अवकाश होता.

“सांगू?” त्याने विचारलं.

“सांगा.”

“तुमच्या सायकली मी नाही घेणार.”

माहीत होतं, तरी लागलंच. दादा काय म्हणेल, काका काय म्हणतील... डोळे भरून यायला लागले, तशी ती सायकलीच्या खटक्याकडे पाहायला लागली. “बरोबर आहे तुमचं,” ती म्हणाली. “तुमच्या जागी मी असते तरी मोठीच घेतली असती. दिवसभर बेटं हिंडणाऱ्याला तीच हवी.”

“व्यवहाराचं झालं?”

“झालं.”

“मग आता मी गिऱ्हाईक नाही, आणि तुम्ही विकायला आलेल्या नाही.” त्याने एक श्वास घेतला. “तुम्ही मला आवडलात. ताताराला बोलणारच होतो, पण तुमचं ते वाक्य डोक्यात बसलं. म्हटलं, आधी नाही म्हणू, मग बोलू. आता हसलात तर... त्यातून तुम्हाला काही मिळायचं नाहीये.”

तिला रडावं की हसावं कळेना. “मी चिडलेय तुमच्यावर.”

“चिडा. पण साकाईला आलो तर दार लावून घ्याल?”

“एवढ्या लांब? ही दांडगी घेऊन?”

“तिला घेऊन नाही. ट्रेनमध्ये न्यायची तर तिची पिशवीत कोंबाकोंब होईपर्यंत गाडी निघून जाते.” त्याने चिमुकलीच्या हँडलवर हात ठेवला. “मला ही हवी, एकच, माझ्यासाठी. बेटांना मोठी बरी. पण तुमच्याकडे नेहमी यायचं म्हटलं तर हीच.”

चिहारू हसली. लाडवापासून अडवून धरलेलं सगळं हसू एकदम आलं, आणि ते तिचंच होतं.

“विकायची नाही ही. नमुना आहे,” ती म्हणाली. “हवी तर न्या. परत आणून द्यावी लागेल मात्र.”

“कधी?”

“रविवारी.”

“आणि मग परत येताना मी कशावर येऊ?”

“ते रविवारी बघू. तुम्हीही मला आवडलात... पण आत्ता गाडी येतेय माझी, लाजायला वेळ नाही.”

ती फाटकातून आत गेली, तोच फोन वाजला. काका.

“काय गं, घेतल्या का त्या माणसाने?”

“नाही घेतल्या.”

“हं. चालायचंच. नमुना तरी नीट परत आण.”

“तोही त्यालाच देऊन आले, काका.”

फाटकाबाहेर सोइची उभा होता, एका हातात मोठी सायकल, दुसऱ्या हातात चिमुकली. निरोपाला हलवायला हातच मोकळा नव्हता, म्हणून नुसती मान डोलवत होता.

“अगं पोरी,” काका म्हणाले, “ऑर्डर नाही, सायकल नाही. मग तू आणतेयस तरी काय?”

“आणत नाहीये,” चिहारू म्हणाली. “रविवारी आपणहून येतंय. तुम्हीच बघा.”