कॅमेऱ्याकडे पाठ

पहिल्याच भेटीत मी त्याला आंधळा म्हणाले.

म्हणाले कसली, ओरडलेच. नदीपलीकडच्या मोकळ्या मैदानात मी सकाळपासून वायरी अंथरत होते, आणि हा उंच माणूस खांद्यावर तिपाई टाकून, आभाळाकडे बघत, थेट त्यांच्यावरून चालत आला.

"ए आंधळ्या! पाय!"

तो थांबला. एक पाय जमिनीवर, दुसरा हवेतच. तोंडावर मास्क, त्यामुळे दिसत होते फक्त डोळे… आणि ते हसत होते.

"कुठे ठेवू?"

"काय?"

"पाय. तुम्ही सांगाल तिथे ठेवतो."

मला राग आला. माझा राग पटकन येतो आणि जेवूनच जातो.

आमचं घर शोभेच्या दारूचं. आजोबांपासून शहराची आतषबाजी आम्हीच करतो. यंदा साथ आली, गर्दीला बंदी आली, आणि नगरपालिकेने ठरवलं की आतषबाजी होणार, पण बघायला कुणी यायचं नाही. लोकांनी घरात बसून टीव्हीवर बघायची. बाबांच्या छातीत आयुष्यभराचा धूर साठलेला, डॉक्टरांनी त्यांना उंबऱ्याबाहेर पाय टाकू नका म्हणून दम दिलेला. त्यामुळे पहिल्यांदाच सगळं माझ्या एकटीच्या हातात होतं. आणि हा जिराफ टीव्हीचा कॅमेरावाला होता.

मैदानाच्या पूर्वेला पाण्याची जुनी टाकी आहे. कॅमेरा तिच्यावर लागणार होता. तो रोज यायचा, टाकीवर चढायचा, उतरायचा, आणि संध्याकाळी माझ्या दोरीच्या पलीकडे चहा घेऊन बसायचा. अंतर ठेवायचा नियम होता, म्हणून आमच्या मधे एक रिकामं पिंप. चहा प्यायला मास्क काढावा लागतो, तर तो पाठ फिरवून प्यायचा. मीही. आठवडाभरात मला त्याचे कान पाठ झाले, चेहरा नाही.

"लवंगी," तो म्हणायचा, "तुझे हात कायम काळे कसे गं?"

"दारू आहे ती. जात नाही. आणि लवंगी कुणाला म्हणतोस? आम्ही नारळाएवढे गोळे उडवतो."

"माझे हात बघ. स्वच्छ. कामचुकार वाटतात ना?"

"वाटतात कशाला? आहेत."

मग तो हसायचा, आणि मी उगाचच एखादी घट्ट बसलेली वायर पुन्हा घट्ट करायची.

सगळं झकास चाललं असतं. पण त्याच्या कानात एक बाई राहायची.

माझ्याशी बोलता बोलता मधेच त्याची मान तिरकी व्हायची, बोट हेडफोनवर जायचं आणि आवाज लोण्यासारखा मऊ. "हो गं… ऐकतोय… तू सांग ना…" आणि मी पिंपाच्या अलीकडे, अर्धं वाक्य तोंडात धरून बसलेली. पायपुसण्यासारखी.

"कोण?"

"डायरेक्टर. स्टुडिओतून."

"डायरेक्टरला कुणी 'गं' म्हणतं?"

"जुनी ओळख आहे."

"किती जुनी?"

त्याने नाक वर केलं, हवा हुंगली. "लवंगी… काहीतरी जळतंय का?"

"दारूकामाचं मैदान आहे. इथे कायम जळतं."

त्या कानातल्या बाईनेच पंख्यांची भानगड काढली. पंखा म्हणजे चौकटीत तिरक्या लावलेल्या नळ्यांची रांग. एकदम उडाल्या की आभाळात मोराच्या पिसाऱ्यासारखं उघडतं. पण फक्त समोरून. बाजूने बघाल तर पिसारा नाही, नुसती काठी. म्हणून पंखा लावताना आधी ठरवायचं, बघणारे कुठे आहेत. आम्ही कायम नदीकडे तोंड करून लावतो, कारण पलीकडे शहर आहे.

"ती म्हणतेय पंखे टाकीकडे तोंड करून लाव," तो म्हणाला. "प्रेक्षकच नाहीत, तर कॅमेरा हाच प्रेक्षक."

"शहर मेलेलं नाहीये. घरात बसलंय. खिडक्या आहेत लोकांना."

"माझ्यासाठी, लवंगी. इतकी मोठी कामं मला रोज मिळत नाहीत… शब्द देशील?"

त्या डोळ्यांना मास्क लावायची सोय असती तर बरं झालं असतं. मी शब्द दिला. सगळ्या चौकटी टाकीकडे वळवल्या, खुंट्या ठोकल्या.

आतषबाजीच्या दिवशी दुपारी ती कानातली बाई गाडीतून उतरली. इस्त्रीचा शर्ट, त्याच रंगाचा मास्क, आणि चालणं असं की मैदान तिच्याच बापाचं. सरळ त्याच्यापाशी गेली, हात वर केले आणि त्याच्या मास्कचा सैल झालेला बंद कानामागे नीट बसवला. मधे पिंप नाही, दोरी नाही, काही नाही. अंतराचा नियम काय फक्त माझ्यासाठी काढला होता?

मी चौकटीमागे वाकलेली. ती म्हणत होती, "आज नीट झालं ना, तर उद्या माझ्याबरोबर चल. राजधानीच्या स्टुडिओत. तुझी जागा राखून ठेवलीये मी… आणि मागचं सगळं विसरू या."

त्याचं उत्तर ऐकायला मी थांबले नाही. माझ्यात तेवढा दम नव्हता.

ती दोघं टाकीवर चढली आणि मी हातोडा उचलला. एकेक खुंटी उपटली, एकेक चौकट फिरवली, तोंड पुन्हा नदीकडे. मोजमापं तपासली, झुकाव तपासला, कुणाच्या डोक्यावर ठिणगीही पडणार नाही याची खात्री केली. जळले होते, वेडी नव्हते झाले. वरून बघणाऱ्याला काय कळणार? सगळ्या चौकटी सारख्याच दिसतात.

अंधार पडला. मी बटण दाबलं.

आधी गोळे गेले. ते कुठूनही गोलच दिसतात, त्यामुळे टाकीवरून काही आवाज नाही. मग पंखे उघडले. सोनेरी, मग हिरवे, मग पुन्हा सोनेरी, एकामागून एक, नदीच्या काठाकाठाने. पलीकडे एकेक खिडकी उघडत गेली, गच्च्यांवर माणसं आली, आणि पाण्यावरून एक आवाज आला… टाळ्यांचा. मला रडू यायला हवं होतं. मी मात्र टाकीकडे बघत होते. तिथे आमच्या टीव्हीवाल्यांना काठ्या दिसत होत्या. लांबच लांब, सोनेरी काठ्या.

शेवटचा गोळा विझला तसा माझा फोन वाजला. बाबा.

"पोरी," ते खोकत म्हणाले, "खिडकीतून पूर्ण पंखा दिसला गं. कडेपासून कडेपर्यंत."

तो टाकीवरून उतरून दोरीपाशी आला. आत येऊ शकत नव्हता. एखादा गोळा न फुटता पडलेला असतो, म्हणून धूर बसेपर्यंत कुणी मैदानात पाय टाकायचा नाही, हा आमच्या धंद्याचा कायदा. आणि मैदानावर कायदा माझा.

"स्टुडिओने गेल्या वर्षीची फिल्म लावली," तो म्हणाला. आवाजात लोणी नव्हतं. "माझं नाव घेऊन शिव्या घातल्या सगळ्यांनी. बाबांचा फोन होता ना?"

"हो."

"त्यांना दिसावं म्हणून फिरवलेस. लोकांसाठी." तो खाली बघत होता. "असं असेल तर… मी समजू शकतो."

केवढी सोन्यासारखी सबब! आयती, ताटात वाढलेली. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर मी थोर ठरले असते. बाबांची गुणी पोर, शहराची लाडकी.

"नाही," मी म्हणाले. "तिने तुझा मास्क नीट केला म्हणून."

"…काय?"

"जळले. तिच्यावर. तू उद्या तिच्याबरोबर जाऊ नयेस म्हणून फिरवले. लोक नंतर आठवले."

धूर आमच्यामधून हळूहळू नदीकडे सरकत होता.

"मी तिला नाही म्हणालो होतो," तो शेवटी म्हणाला. "दुपारीच. तिथेच, तुझ्या चौकटीपाशी."

"का?"

"का म्हणजे? टाकीवर कॅमेरा लावायला एक दुपार पुरते, लवंगी. मी आठवडाभर येत होतो."

माझे कान तापले. मास्कच्या आत घाम फुटला.

"आणि तू माझं काम मातीत घातलंस," तो म्हणाला. "माफी माग."

"कामाबद्दल मागते. चुकलं माझं, माफ कर. जळल्याबद्दल नाही मागणार."

"नको मागूस," तो म्हणाला. पण हसला नाही. रागावलेलाच होता, आणि त्याचा हक्क होता.

डायरेक्टरबाईंची गाडी त्याला न घेताच निघून गेली होती. मैदान धुंडाळून झाल्यावर मी त्याला टेम्पोत घेतलं. पुढे दोघांनी बसायची बंदी, म्हणून तो मागे, गरम नळ्यांच्या ढिगात, गुडघे हनुवटीला लावून. मधली खिडकी उघडी ठेवली होती. हवेसाठी.

पुलावर त्याचा फोन वाजला.

"कुणाचा?"

"तिचा."

"उचल. आणि आवाज मोठा ठेव."

"उद्या ऑफिसात खुलासा द्यायचाय," ती बाई म्हणत होती. "काय सांगू मी वरच्यांना?"

"सांग, दारूकामवालीचा हात चुकला," तो थकून म्हणाला.

मी ब्रेक दाबला. मागे नळ्या खडखडल्या. आमचा हात चुकला? बाबांनी शिकवलेला? उद्या नगरपालिकेने काम काढून घेतलं तरी बेहत्तर.

"हात चुकला नाही!" मी खिडकीतून त्या फोनवर ओरडले. "मी मुद्दाम फिरवले. नाव माझं सांगा, त्याचं नाही. आणि बाई, परत त्याच्या मास्कला हात लावू नका!"

पलीकडून एक सुस्कारा. मग ती चक्क हसायला लागली. दमलेलं, थोडं दुखरं हसू.

"अरे… ही ती का? दुपारी म्हणालास ती?"

"हीच," तो म्हणाला, आणि फोन बंद केला.

टेम्पो पुलाच्या मधोमध उभा होता. बंदीमुळे रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. तरी मी इंडिकेटर दाखवला, गाडी बाजूला घेतली आणि मधल्या खिडकीकडे तोंड फिरवलं.