मृण्मयीच्या घरातली तीन दुखणी

एकाच घरात तिघींना तीन दुखणी. आजीची बोटं सुजून वाकलेली, आत्याचे डोळे कोरडे, आणि आता मृण्मयीचे गाल लालभडक. असं कसं? चंद्रावरच्या बंद हवेच्या वसाहतीत साथीची सगळ्यांनाच धास्ती. मृण्मयीची मैत्रीण शाल्मली हिने झटकन उत्तर काढलं: हे एकाचं दुसऱ्याला लागतं. भोंडल्याच्या फेरात तिने मृण्मयीचा हात सोडला आणि कारणही मोठ्याने सांगून टाकलं. मृण्मयी खिरापत ओळखायलाही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी शाल्मली ऐटीत दवाखान्यातल्या सुबोध या यंत्रमानवाकडे वर्दी द्यायला गेली. शाबासकी राहिली बाजूलाच. कुणाच्या घरचं मी बोलणार नाही, म्हणत त्याने तिला समोर बसवलं आणि समजावून सांगितलं. शरीरात प्रतिकारयंत्रणा (रोगजंतूंशी लढणारे पहारेकरी) असते. कधी हे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजून झोडपतात. सांध्यांवर तुटून पडले तर आमवात. डोळ्यांतलं पाणी नि तोंडातली लाळ करणाऱ्या ग्रंथींवर पडले, तर शोग्रेनचा आजार. त्वचा, सांधे, मूत्रपिंडं असा चौफेर धुमाकूळ घातला तर ल्युपस.

"मग हे आजार तीन की एकच?" शाल्मलीने विचारलं.

"चुलत भावंडं म्हण. चूक एकच, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. शरीरात कुठे बिघडलंय आणि रक्तात कोणती प्रतिपिंडं (पहारेकऱ्यांची हत्यारं) सापडतात, ते पाहून डॉक्टर नाव ठरवतात. कधी एकाच माणसात दोन आजारांच्या खुणा मिसळतात. घराण्यात असा कल असू शकतो. पण हात धरल्याने यातला एकही आजार लागत नाही."

शाल्मलीचे कान तापले. पहारेकऱ्यांना ताळ्यावर आणणारी औषधं आहेत, आणखी चांगली येताहेत, असं सुबोध सांगत होता. तिची मान काही वर होईना. आपणही घरच्याच माणसाला चोर ठरवलं, याची तिला भयंकर लाज वाटली. ती तडक मृण्मयीच्या दारी गेली.

"मी चुकीचं बोलले. हे कुणाला लागत नाही. सगळ्यांसमोर तसं सांगेन. औषधंही आहेत."

 आत मृण्मयीचा तान्हा भाऊ नची रडत होता.

"नक्की लागत नाही?"

"नक्की. सुबोधला विचारलं."

"मग नचीला घेऊ? कालपासून मी त्याला हात लावला नाहीये."

शाल्मलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने होकारार्थी मान हलवली. मृण्मयी आत धावली. थोड्या वेळाने रडणं थांबलं. शाल्मली दारातच उभी होती. आत जायचं तोंडच नव्हतं तिला.

"आत ये ना," मृण्मयी भावाला थोपटत म्हणाली, "आणि औषधांचं काय म्हणालीस, ते नीट सांग."