दोनशे अठराचा फेरा

रविवारी सकाळी सोतीरिस कालोगेरास लोर्ना हॅड्रिकच्या व्हरांड्यात येऊन बसला, पण समोरच्या चहाला त्यानं हात लावला नाही.

"वीस वर्षं क्लबच्या शेडची किल्ली माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "आज दुपारी चारला रॉस पेंगेली ती सगळ्यांसमोर काढून घेणार. मी चोर म्हणून."

वायकेरी गावातला जुन्या गाड्यांचा तो क्लब. तरुणपणी जी गाडी परवडली नाही ती म्हातारपणी घेतलेले काही सभासद, आणि अजूनही नुसतेच बघणारे बाकीचे. सोतीरिस त्यांचा मेकॅनिक. रॉसची एकोणसत्तर सालची पिवळी मोनारो म्हणजे क्लबची शान.

"काय चोरीला गेलं?" लोर्नानं विचारलं. तीस वर्षं विमा कंपन्यांसाठी खोटे दावे पकडून आता ती स्वतःची कामं घ्यायची.

"काहीच नाही. गाडी जागच्या जागी आहे. रॉस बुधवारी मिल्ड्युराच्या प्रदर्शनाला गेला, काल परतला. बघतो तर मीटर दोनशे अठरानं पुढे. म्हणतो, मी गाडी कुणाच्या तरी लग्नाला भाड्यानं दिली."

"दिलीत?"

"बाई, मी त्या गाडीत बसताना बूट काढतो."

लोर्ना उठली. क्लाइव्हनं टोपी घेतली. तो तिच्या दिवंगत बहिणीचा नवरा. खाटकाचं दुकान बंद केल्यापासून तो तिच्याबरोबर हिंडायचा. मोठ्यानं विचार करायला तिला समोर कुणीतरी लागायचं, आणि क्लाइव्हला तिचं अर्धंच कळायचं, हे दोघांनाही मान्य होतं.

शेडचं कुलूप शाबूत होतं. मोनारोत चालकाची सीट अगदी पुढे ओढलेली होती आणि शेजारची अगदी मागे सारलेली. शेजारच्या सीटसमोरचा डॅशबोर्ड बोटांच्या ठशांनी भरला होता. कडा, बटणं, कप्प्याचं झाकण, एक इंच सुटला नव्हता.

"गुरुवारी मी सगळं पुसलं होतं," सोतीरिस म्हणाला. "त्यानंतर इकडे फिरकलो नाही."

"लहान मूल बसलं असणार," क्लाइव्ह म्हणाला.

"इतकी मागे सीट सारून?" लोर्ना मीटरकडे बघत होती. "हे बदललंय का कधी?"

"या गाडीत मूळचा नाही असा एक स्क्रूसुद्धा नाही."

"आणि गाडी चालवूनही आकडा हलू द्यायचा नसेल तर?"

"मागची तार सोडवायची. दोन मिनिटांचं काम. मग गाडी चंद्रावर जाऊन आली तरी कळणार नाही."

बाहेर आल्यावर क्लाइव्हनं हिशेब मांडला. "दोनशे अठरा किलोमीटर. म्हणजे रेनमार्कला जाऊन येऊन वर थोडं भटकणं."

"हं," लोर्ना म्हणाली.

संत्र्यांच्या बागेतल्या घरी रॉस दारातच भेटला. दाराची चौकट त्याला कमी पडत होती.

"सीट बघितलीस ना? तिथं माझे गुडघेसुद्धा मावत नाहीत. बुटका आणि किल्लीवाला असा गावात एकच आहे."

"शेडच्या आणि गाडीच्या किल्ल्यांचा दुसरा जोड कुठं असतो?"

"स्वयंपाकघरात, खुंटीवर. ग्वेन होती घरात, विचार तिला."

ग्वेन बाहेर आली. बुटकी, नीटनेटकी, चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली. "किल्ल्या जागेवरच होत्या," ती म्हणाली. "आणि मला विचारशील तर, तीस वर्षं मी ऑटोमॅटिक चालवतेय. या गाडीत मी कधी बसतसुद्धा नाही. क्लच कसला जड आहे तिचा."

"लेनला कसं आहे?" लोर्नानं विचारलं. लेन हॉकिंग हा ग्वेनचा थोरला भाऊ, क्लबचा सर्वांत जुना सभासद.

ग्वेननं नदीकडे बोट दाखवलं. "तूच जाऊन बघ."

लेन नदीकाठच्या घरापुढे खुर्ची टाकून बसला होता. त्याचे लांब पाय थेट पायरीपर्यंत पोचले होते. मान तिरकी करून त्यानं त्यांच्याकडे बघितलं.

"सरळ बघितलं तर तुझं तोंड दिसत नाही," तो म्हणाला. "मधलं पुसलंय, कडा राहिल्यात. त्याही जाणार, डॉक्टर म्हणतो. लायसन्स दोन वर्षांपूर्वीच गेलं."

"मोनारो तुम्हाला फार आवडायची म्हणतात."

"ॲडिलेडला शोरूमच्या काचेत दिसली होती. एकोणसत्तर साल. इथनं शंभरावर मैल. पाच शनिवार बसनं गेलो आणि काचेबाहेर उभा राहून परत आलो. पैसे साठत आले होते."

"मग?"

"मग ग्वेनला शिक्षिका व्हायचं होतं. वडील नव्हते. गाडी आणि तिचं कॉलेज, दोन्ही जमत नव्हतं." तो हसला. "वाईट कसलं वाटायचं? सोळा वर्षांची असताना फळांचा ट्रक चालवायची ती. मीच शिकवलेला. अशा पोरीला काय पॅकिंग शेडमध्ये संत्री निवडायला ठेवायचं?"

परतताना लोर्ना वाटेत थांबली. "कळलंय मला," ती म्हणाली. "सांगू नये असं वाटतंय. पण सोतीरिसची अब्रू जातेय."

चारला शेडमध्ये बारा-तेरा माणसं जमली. ग्वेन लेनला हात धरून घेऊन आली. रॉसनं हात पुढे केला. सोतीरिसनं किल्ली काढली.

"थांब," लोर्ना म्हणाली. "सोतीरिसनं गाडी नेली असती तर आधी मीटरची तार सोडली असती. ज्यानं नेली त्याला ती युक्ती माहीत नव्हती. आता आकडा बघा. क्लाइव्ह त्याला किलोमीटर समजला, पण एकोणसत्तर साली या देशात मैल होते आणि हे मीटर मूळचं आहे. दोनशे अठरा मैल म्हणजे ॲडिलेडला जाऊन परत."

क्लाइव्हचे कान लाल झाले.

"चालवणारा बुटका होता. शेजारी बसलेला फार उंच होता आणि त्यानं सगळा डॅशबोर्ड बोटांनी चाचपला. गाडी डोळ्यांनी बघता येत असती तर असं कुणी केलं नसतं. त्याला नेणाऱ्याच्या हाताशी रॉसच्या घरातली किल्ली होती, ट्रकवर शिकलेले गिअर होते. आणि ज्या गाडीत आपण बसत नाही म्हणे, तिचा क्लच जड आहे हेही माहीत होतं."

ग्वेन उभी राहिली.

"शुक्रवारी सकाळी मी आणि लेन निघालो, जेवणवेळेला पोचलो," ती म्हणाली. "सोतीरिस, तुझ्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं. आज मी बोलणारच होते. कालच बोलायला हवं होतं. चुकले मी."

"मला विचारायचं तरी," रॉस म्हणाला.

"तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तू लेनला गाडीभोवती फिरवून आणलंस. गाडीत एकदाही बसवलं नाहीस."

रॉस सोतीरिसकडे वळला. मग त्यानं सोतीरिसची मूठ किल्लीसकट बंद केली. "माझंच चुकलं," तो म्हणाला. असं बोलायची त्याला सवय नव्हती, हे सगळ्यांना दिसलं.

"ते गाड्यांचं दुकान आहे का अजून तिथं?" त्यानं लेनला विचारलं.

"गाद्या विकतात म्हणे. मला काच दिसली नाही." लेननं मान तिरकी केली. "पण ग्वेननं तिथं ॲक्सिलरेटर दाबला ना, तेव्हा इंजिनाचा आवाज काचेवर आदळून परत आला. पाच शनिवार मी बाहेर उभा होतो, हा आवाज कधी ऐकला नव्हता."

रॉस लेनजवळ आला. "पुढच्या शुक्रवारी मी घेऊन जातो तुला. म्हणशील तिथं."

"तू नको," लेन म्हणाला. "गिअर तीच बरी टाकते."

रॉसनं खिशातून मोनारोची किल्ली काढली आणि बायकोपुढे धरली.