उजवीकडचा चौकोन

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. सहादू माझा मावसभाऊ. सातपूरला त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान. गोष्ट २००९ सालची, फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळची.

दुकानातलं डिझाईनचं काम त्याची बायको सुवर्णा करायची. छापण्याआधी सॉफ्टवेअर मोठी फाईल ठिपक्यांत फोडायचं. दहा फुटी बोर्डाला चाळीस मिनिटं. तेवढा वेळ कॉम्प्युटर अडकायचा आणि सुवर्णा स्टुलावर हात बांधून बसायची.

"दोन कोअरचा, म्हणजे दोन डोक्यांचा कॉम्प्युटर घ्या की. एकावर फाईल फुटेल, दुसऱ्यावर मी काम करीन."

"दिवाळीला घेऊ."

दिवाळी आली, गेली. २००८च्या फेब्रुवारीत सुवर्णा काविळीने गेली.

कॉम्प्युटर आला तो त्यानंतर. बसवायला आलेला धनराज म्हणाला, "अण्णा, तुमचं सॉफ्टवेअर जुनं. दोन कोअर दिले की बंद पडतंय. एकालाच बांधून दिलंय. दुसरा नुसता बसून राहणार."

स्क्रीनवर दोन चौकोन, एकेका कोअरचं काम दाखवणारे. डावीकडे हिरवी रेघ उड्या मारायची.

उजवीकडची सपाट…

सहादू त्या सपाट रेघेकडे बघत बसायचा.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी त्याने तिचाच बोर्ड छापायला घेतला. डिझाईन बाहेरून आणलेलं. फोटोला चंदनाचा हार, सगळ्यांच्या बोर्डावर असतो तसा. तिच्या भावाचा हट्टच होता.

सहा वाजले. शेजारचं वर्कशॉप सुटलं, लेथचा आवाज थांबला.

मग… माऊसची टिकटिक.

माऊसवर कुणाचाच हात नव्हता.

उजवीकडची रेघ वर चढली.

त्याने धनराजला फोन लावला. "उजवीकडचा चौकोन हलतोय रे."

"नाही हलणार, अण्णा. दुसरं काही चालू आहे का?"

"काहीच नाही."



चाळीस मिनिटांची फाईल वीस मिनिटांत झाली. बोर्ड हळूहळू बाहेर येऊ लागला. कपाळ… डोळे… गळा…

गळ्यात हार नव्हता.

हाराखाली झाकलेली काळी पोत स्वच्छ दिसत होती. सहादूने फाईल उघडून पाहिली. तिच्यात हार होता.

तेव्हा त्याला आठवलं. कुणाचा तरी बोर्ड करताना ती म्हणाली होती, "लोकांच्या फोटोंना हार घालून वीट आलाय. माझ्या फोटोला नका घालू हं." तो नुसता हसला होता.

"उशीर केला गं मी," सहादू म्हणाला.

रेघ सपाट झाली.

दुसऱ्या दिवशी बोर्ड तसाच लागला. मेहुण्याने विचारलं, "दाजी, हार?"

"तिला नको होता."

आता दुकानात चार कोअरचा कॉम्प्युटर आहे. नवं सॉफ्टवेअर चारही वापरतं, काम झटक्यात होतं. सहादू मात्र त्याला तीनच देतो.

"चौथ्याचा चौकोन कधी हलला का रे?" मी एकदा विचारलं.

"हलला असता तर मी असा वाट बघत बसलो असतो का, दादा?"

 पण त्या दुकानात गेलो की मी उभाच राहतो. तिच्या स्टुलावर बसवत नाही…