पोटगीची तारीख

पूर्णगडच्या बागेत सुजय पालांडे पालथा पडला होता. मानेवर कोयत्याचे तीन घाव. चौथा चुकून आंब्याच्या घोसावर बसला होता. अर्धा घोस रक्तात पडला होता, झाडावरच्या देठांतून ओघळलेला चीक सुकला होता.

"काल संध्याकाळी गेलाय," डॉक्टर म्हणाले.

आज सुजयची कोर्टात तारीख होती. घटस्फोटित बायकोची पोटगी कमी करून मिळावी, असा त्याचा अर्ज होता. उपनिरीक्षक तेजल कांबळेनं आधी त्या बायकोलाच बोलावलं.

"काल संध्याकाळी कुठे होतात, रसिकाताई?"

"घरी. एकटीच."

"मागच्या तारखेला तुम्ही त्याला जिवे मारायची धमकी दिलीत."

"दिली. पाच वर्षं त्याचा मार खाल्ला, वर पोटगीही तोडायला निघाला. पण परवा त्याचा फोन आला. म्हणाला, कोर्टात खरं सांगून टाकतो."

"खरं म्हणजे?"

"विचारलं, तर फोनच ठेवला."

तेजलनं तिला बाहेर बसवलं. दुपारी सुजयचा थोरला भाऊ आत्माराम ठाण्यात आला. त्याच्या गालावर नि गळ्यावर काळपट ठिपके उठले होते.

"तिनंच तोडला मॅडम त्याला!"

"तुम्ही कुठे होतात?"

"सावर्ड्यात, मेव्हण्याकडे. चार दिवस झाले. आज निरोप मिळाला तसा निघालो."

"बाग कुणाची?"

"माझी. सुजयच्या नावावर काय होतं? म्हणून तर पोटगी कमी करा म्हणत होता."

"गालाला काय झालं?"

"चहा उडाला."

तेजल बाहेर जाऊन सुजयच्या वकिलांशी फोनवर बोलली. परत आली ती दार लावून घ्यायलाच विसरली.

"चहानं कातडी लाल होते, आत्माराम. असे सुटे काळे ठिपके आंब्याच्या चिकानं पडतात, तेही दुसऱ्या दिवशी. काल कोयता घोसावर बसला, तेव्हा चीक मारणाऱ्याच्या तोंडावर उडाला. तुम्ही सावर्ड्यात नव्हतात."

आत्मारामचा हात गालाकडे गेला.

"वकिलांनी सांगितलं, बाग सुजयचीच होती. उत्पन्न दिसू नये म्हणून त्यानं ती वर्षापूर्वी तुमच्या नावावर केली. आज तो अर्ज मागे घेऊन हे कोर्टाला सांगणार होता. मग बाग तुमच्या हातची गेली असती. रसिकाला काय मिळालं असतं? तो मेला, की पोटगीच बंद."

आत्मारामनं टेबलावरचा तांब्या उचलून तिच्या कपाळावर हाणला. रक्त डोळ्यात उतरलं, तरी तेजलनं त्याचा हात पिरगळून त्याला टेबलावर दाबलं.

"बारा वर्षं मी पाणी घातलं त्या कलमांना!" तो ओरडला. "हा मुंबईत मजा मारायचा. आणि त्या बाईपायी सगळं घालवणार होता!"

उघड्या दारात रसिका उभी होती.

"मारलंत तेव्हा तो काय म्हणत होता?" तिनं विचारलं.

आत्माराम धापा टाकत राहिला. मग तोंड फिरवून म्हणाला, "म्हणाला, दादा, तिला फार मारलंय मी. आता नको."

रसिका चौकट धरून हळूहळू खाली बसली.